एका शिफ्टच्या अंतरावर

आमच्या घरात अंतर किलोमीटरमध्ये मोजायची पद्धत नव्हती. चाकणच्या पलीकडचं आमचं गाव म्हणजे अर्धी शिफ्ट, कारण जायला, यायला आणि मधे बसून चहा प्यायला तेवढा वेळ लागायचा. आजोळ म्हणजे पुरी शिफ्ट आणि वर ओव्हरटाइम. अण्णा, म्हणजे माझे वडील, चिंचवडच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर होते आणि आई भोसरीच्या एका लहान युनिटमध्ये रबरी वायसरच्या पॅकिंगला. स्टेशनजवळच्या आमच्या दोन खोल्यांमध्ये दिवस उजाडायचा तो आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने. त्याच्या मागून भिंतीपलीकडच्या कांबळेमावशींचा कुकर, मग अण्णांची स्कूटर, आणि दूरवरून कुठल्या तरी प्रेस शॉपचा धप्प धप्प आवाज, जो दिवसभर चालू असायचा आणि ज्या दिवशी बंद पडायचा त्या दिवशी गल्लीतली माणसं बाहेर येऊन विचारायची की आज काय सुट्टी आहे का. कांबळेमावशी आईच्याच युनिटमध्ये होत्या. दोघी बरोबर निघायच्या, बरोबर परतायच्या, आणि संध्याकाळी दोघींच्या हातांना तोच रबराचा वास असायचा. तो वास साबणाने जात नाही. मला तो अजून कुठे आला तर मी थांबते.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. डिप्लोमा करून ती चाकणच्या एका गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला लागली, नोकरी करता करता पुढचं शिकली, आणि एक दिवस कंपनीने तिला जर्मनीतल्या मूळ कारखान्यात पाठवायचं ठरवलं. याच्या दोन वर्षं आधी माझा चुलतभाऊ संदीप कॅनडाला गेला होता. तेव्हा काकांनी गावच्या फाट्यावर मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर एक विमान, विमानाच्या पोटावर गॉगल लावलेला संदीप, आणि खाली शुभेच्छुक म्हणून अर्ध्या गावाचे फोटो. ताईच्या वेळी फ्लेक्स नव्हता. काका घरी आले, आईने केलेली कांदाभजी खाल्ली आणि अण्णांना म्हणाले की पोरीचं लग्नाचं वय चाललंय आणि तू तिला इमानात बसवतोयस. काका अण्णांचे मोठे भाऊ. चाकणच्या कंपन्यांना माणसं पुरवायचं त्यांचं काम होतं, दारात दोन गाड्या होत्या, आणि घरात कोण काय करणार हे त्यांनी ठरवायचं अशी रीत आपोआप पडली होती. अण्णा त्यांच्यासमोर बोलत नसत. अण्णा कुणासमोरच फार बोलत नसत, पण काकांसमोर ते खुर्चीतही नीट बसत नसत, कडेला टेकत. याचा मला लहानपणापासून राग यायचा आणि तो राग मला कुठे ठेवावा हे कळायचं नाही.

ताई गेल्यावर आई विचित्र वागू लागली. आकाशातून विमान गेलं की हातातलं काम टाकून ओट्यापासून दारापर्यंत यायची. ती लोहगावहून उडणारी दिल्लीची विमानं, त्यांचा जर्मनीशी काय संबंध, पण ती बघायची. ताईने जाताना तिचा जुना लॅपटॉप मला ठेवला होता. त्यावर मला एक पान सापडलं. दोन विमानतळांची नावं टाकली की त्यांच्यामधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ ते सांगायचं, आणि नकाशावर एक वाकडी रेघ ओढून दाखवायचं. मी मुंबई आणि फ्रँकफर्ट टाकलं. अंतर साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास, वेळ साधारण आठ तास. आईने रेघेवर बोट ठेवून विचारलं की ही वाकडी का, सरळ का जात नाही. मी पृथ्वी गोल असल्याचं सांगितलं. तिला ते पटलं नाही, पण तिने ते सोडून दिलं, कारण तिला दुसरंच काहीतरी मिळालं होतं. आठ तास. ती अण्णांकडे वळून म्हणाली, "म्हणजे एक शिफ्ट. तुम्ही कामावर जाऊन परत येता, तेवढ्यात माझी तायडी घरी."

त्या दिवसापासून तिची तगमग थांबली. ती पुन्हा पोटभर जेवू लागली. युनिटमध्ये, गल्लीत, भाजीवाल्याकडे, गावच्या लग्नात, जो विचारेल त्याला ती सांगायची की माझी लेक एका शिफ्टवर आहे. लोकांना वाटायचं हिला काही कळत नाही. तिला सगळं कळत होतं. ताई कारखान्याच्या गावात राहते, तिथून विमानतळ लांब आहे, मधे आगगाड्या बदलाव्या लागतात, थेट विमानात जागा मिळेलच असं नाही, हे सगळं ताईने फोनवर सांगितलं होतं आणि आईने ऐकलं होतं. पण लेकीला साडेसहा हजार किलोमीटरवर धाडलेल्या बाईला रात्री झोपायला एखादा लहान आकडा लागतो. तिने तो घेतला. तो फक्त तिचा होता. तो आकडा पुढे कुणाच्या तोंडी गेला आणि कशासाठी वापरला गेला हे आठवलं की आजही, कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले असताना, माझा राग उसळतो.

आई गेली ती एका मंगळवारी सकाळी. डबा भरून झाला होता, चप्पल घालायला ती खाली वाकली आणि तशीच बसली. छातीत कळ येतेय म्हणाली. अण्णा पहिल्या शिफ्टला गेलेले. मी आणि कांबळेमावशींनी तिला रिक्षात घातलं, आणि रिक्षा दवाखान्याच्या दारात पोचायच्या आधीच मावशींनी तिचे डोळे मिटले. मी ताईला फोन लावला. तिच्याकडे अजून पहाट व्हायची होती. मी सांगितलं, तिने सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "मी निघते. मला आईला बघायचंय रूपे. मी येईपर्यंत थांबवून ठेव."

थांबवून ठेव. एवढंच एक काम तिने मला दिलं होतं.

इथे मला आजोबांबद्दल सांगावं लागेल, नाहीतर माझा राग कुणाला उगाच वाटेल. आजोबा त्याच्या आदल्या वर्षी गेले होते, गावच्या घरी. संदीपला कॅनडाहून यायचं होतं. त्याचं विमान टोरंटोचं, म्हणजे अंतर ताईच्या जवळजवळ दुप्पट. तेव्हा कुणी कुणाला विचारलं नाही की किती तास. काकांनी बर्फाच्या लाद्या मागवल्या, मंडप घातला, आणि सांगितलं की नातू येईपर्यंत म्हातारा हलणार नाही. विमान लेट झालं, मधल्या देशात धुकं होतं, तरी कुणी ब्र काढला नाही. काका स्वतः गाडी घेऊन मुंबईला गेले, रात्रभर विमानतळाबाहेर उभे राहिले आणि संदीपला घेऊन आले. घरात चूल पेटवायची नसते, म्हणून शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणत होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा देऊन देऊन आईच्या पायाला गोळे आले होते. ती एकदाही म्हणाली नाही की किती थांबायचं. तिला वाटायचं, नातवाने नको का बघायला तोंड.

आईला दवाखान्याच्या शवागारात ठेवलं. काका गावाहून आले, सगळी सूत्रं हातात घेतली. अग्नी गावच्या नदीवर द्यायचा आणि मडकं पुतण्याने, म्हणजे काकांच्या धाकट्या मुलाने धरायचं, कारण आम्ही दोघी मुलीच, हे त्यांनी कुणाला न विचारता ठरवलं. त्याबद्दल मी तेव्हा भांडले नाही. मला फक्त ताई येईपर्यंत वेळ हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा निरोप आला. थेट विमानात जागा नव्हती, दुसरीकडून फिरून येतेय, रात्र तिथल्या बाकावर काढली, दुपारी मुंबईत उतरेन. मी तो निरोप काकांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकला आणि दवाखान्याच्या आवारात जमलेल्या माणसांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "आठ तासांचं इमान हाय. आमची भावजयच सांगायची, एका शिफ्टवर हाय म्हनून. काल सकाळी कळवलंय. आज हिकडं दुपार व्हाया आली. मानसांनी किती वाट बघायची?"

माणसांनी माना हलवल्या. कालपासून आलेली, उपाशी, शिफ्ट बुडवून बसलेली माणसं ती. आठ तास म्हटल्यावर त्यांनी बोटं मोजली आणि त्यांचा हिशोब जुळेना. मधले तास ही पोरगी काय करत होती? एक आत्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली की तिकडं गेल्यावर पोरींचं असंच होतं गं, जीव राहत नाही आपल्यात. माझी आई तिकडे थंड खोलीत पडली होती, आणि तिच्याच तोंडचा शब्द घेऊन माणसं तिच्या लेकीला नावं ठेवत होती.

मग ताईचा फोन आला की मी उतरले. मुंबईत आहे, रांगेत आहे, थांबा. मला वाटलं झालं, आता थांबतीलच. पण काकांचं गणित एका क्षणात फिरलं. उतरली म्हणतात, पण उतरल्यावर काय सांगता येतं का, असं ते म्हणू लागले. ते सामान, ती टॅक्सी, तो घाट. आणि आपल्यालाच इथून गावाला पोचायचंय. तीनची शिफ्ट सुटली की चाकणच्या चौकातून गाडी निघते का? कंपन्यांच्या बसा, कंटेनर, हजारो दुचाक्या. त्यात सापडलो तर अंधार पडेल. म्हणजे जर्मनीहून मुंबईला यायला ठोक आठ तास, त्यात एक मिनिट जास्त नाही, आणि मुंबईहून चाकणला यायला किती लागतील ते मात्र देवालाही सांगता येणार नाही. हे त्यांनी एका दमात, एकाच तोंडाने सांगितलं आणि पंचवीस-तीस माणसांपैकी एकालाही त्यात काही खटकलं नाही.

मी म्हणाले की ताई म्हणालीय थांबा. मला गप्प बसवण्यात आलं. कांबळेमावशी मात्र पुढे झाल्या. त्या काकांना म्हणाल्या, "लेक मुंबईत येऊन ठेपलीय. आता दोन-तीन तासांनी काय बिघडतंय?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "तुमच्यात चालत आसंल बाई," ते म्हणाले.

त्या 'तुमच्यात'ने तिथला वारा बदलला. मावशी बौद्ध. आईच्या शेजारी बसून त्यांनी वीस वर्षं वायसर मोजले होते, आमच्या घरात त्यांचा आणि त्यांच्या घरात आमचा हात कुठल्या डब्यात जाईल याचा कधी विचार झाला नव्हता. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "हो, आमच्यात थांबतात," एवढं म्हणून त्या कालपासून जवळ ठेवलेल्या आईच्या चपला उचलून बाजूला जाऊन बसल्या. शेवटी काकांनी अण्णांना विचारलं. अण्णा भिंतीला टेकून खाली बसले होते, अजून अंगात कंपनीचा निळा शर्ट. काकांनी विचारलं, "काय करायचं मग? उचलायचं ना?" अण्णांनी मान हलवली, की नुसता आवंढा गिळला, हे मी आजही सांगू शकत नाही. सगळ्यांनी तो होकार धरला. मी अण्णांकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

आमच्याकडे अग्नी देताना बायका नदीवर जात नाहीत. आईला गावच्या घराच्या दारात थोडा वेळ ठेवलं आणि मग पुरुष घेऊन गेले. मागे बायकांनी घर झाडलं, अंगण धुतलं. ते पाणी अजून वाळलं नव्हतं तेव्हा फाट्याकडून एक दुचाकी आली आणि मागच्या सीटवरून ताई उतरली. तळेगावहून चाकणला येणाऱ्या रस्त्यावर कंटेनरांच्या रांगेत तिची टॅक्सी अडकली होती. अर्धा तास चाक हललं नाही, तेव्हा ती पाठीवरची पिशवी घेऊन खाली उतरली आणि गाड्यांच्या मधून चालत सुटली. पुढे शिफ्ट सुटून घरी चाललेल्या एका अनोळखी कामगाराने तिला विचारलं की ताई कुठं जायचंय, आणि गल्लीबोळातून, शेताच्या बांधावरून तिला दारापर्यंत आणून सोडलं. त्या माणसाचं नाव आम्हाला माहीत नाही. सगळ्या प्रवासात तिच्यासाठी वाट वाकडी करणारा तो एकटाच. तिच्या अंगात तिकडच्या थंडीचा जाड कोट होता, घामाने निथळत होती, ओठ फुटले होते. तिने ओल्या अंगणाकडे पाहिलं. मला काही सांगावं लागलं नाही. मी तिचा हात धरला आणि रीत गेली खड्ड्यात म्हणून आम्ही दोघी नदीकडे धावलो. पोचलो तेव्हा लाकडं धडधडून पेटली होती आणि माणसं चेहऱ्यावर धग येते म्हणून मागे सरकत होती.

काकांनी तिला पाहिलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "आलीस व्हय? आठ तासाला दोन दीस लावलेस पोरी."

ताई आगीकडे बघत राहिली. तिने तोंड बघितलं नाही, पाय बघितले नाहीत, काहीच बघितलं नाही. मला त्या क्षणी काकांना ढकलून द्यावंसं वाटलं. मी सभ्यपणाने लिहीत नाही, कारण मला सभ्य वाटलं नव्हतं.

दहाव्याला पुन्हा सगळे त्याच घाटावर. आमच्या भागात दहावा म्हणजे सभाच असते. मंडप, सतरंज्या, कर्ण्यातून घुमणारा आवाज, प्रवचनाला बोलावलेले महाराज, आणि त्यांच्यानंतर श्रद्धांजलीच्या नावाखाली बोलून घेणारे गावचे पुढारी. महाराज आईला कधी भेटले नव्हते. त्यांना कुणीतरी दोन गोष्टी पुरवल्या होत्या. पहिली, बाई कष्टाळू होती. दुसरी कुठली, हे सांगायला नको. त्यांनी आईबापांच्या ऋणावर बोलता बोलता आवाज खाली आणला आणि म्हणाले की आज मुलं साता समुद्रापार जातात, विमानाने अवघ्या आठ तासांचं अंतर, पण मायमाऊलीच्या शेवटच्या दर्शनाला पोचायला त्यांना वेळ नसतो. बायकांच्या बाजूला ताई माझ्याशेजारी बसली होती. सगळ्या मंडपाने वळून तिच्याकडे पाहिलं. ती ताठ बसून राहिली, फक्त तिच्या हनुवटीखालची एक शीर उडत होती. पुरुषांच्या बाजूला अण्णा सतरंजीचा दोरा उसवत होते.

प्रवचन संपलं आणि पिंड ठेवले. कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही, पलीकडच्या बाभळीवर चार-पाच बसले होते, पण एकही खाली येईना. भात होता, आईला आवडणारी शेंगदाण्याची चटणी होती, मेथीची भाजी होती. माणसं हात जोडून उभी राहिली आणि रीतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन आईला शब्द देऊ लागला. धाकटीचं शिक्षण पुरं करू. थोरलीचं लग्न लावून देऊ. अण्णांना अंतर देणार नाही. कावळा मान वाकडी करून बघायचा आणि तिथेच बसायचा. ऊन चढलं. कुणीतरी भटजींना सुचवलं की दर्भाचा कावळा करून शिववून टाका, तेही चालतं, लोकांना कामाला जायचंय. त्यावर काका डोळे मिटून, हात जोडून, अगदी समजुतीने म्हणाले, "न्हाई, न्हाई. थांबू. येईल त्यो. काय घाई हाय आपल्याला?"

मी उठले. उठायचं असं मी ठरवलं नव्हतं. बायकांच्या बाजूने पुरुषांच्या बाजूला गेले, पिंडांच्या जवळ, आणि काकांना विचारलं, "काका, कावळ्याला यायला किती तास लागतात?"

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. काका म्हणाले की पोरी, ही काय बोलायची येळ हाय का. मी म्हणाले की हीच आहे. आजोबांच्या वेळी संदीपसाठी थांबलात. आता कावळ्यासाठी थांबताय, त्याला कुणी तास विचारले नाहीत. ताई उतरले म्हणून फोन करत होती तेव्हा तुम्हाला चाकणचं ट्रॅफिक आठवलं. आज शिफ्ट सुटणार नाही का? माझा आवाज चिरकत होता, मला रडू येत होतं आणि मला त्याचीही चीड येत होती, कारण रडणाऱ्या मुलीचं बोलणं कुणी बोलणं म्हणून धरत नाही. एक मामा मला खांद्याला धरून मागे न्यायला लागले.

तेव्हा अण्णा उठले. हातात तो सतरंजीचा दोरा तसाच. ते भटजींपाशी गेले आणि म्हणाले, "दर्भाचा करा भटजी."

काका म्हणाले, "आरं, थांब की जरा."

"पुरे झालं दादा थांबणं," अण्णा म्हणाले. "हिच्या आईला आता कुणाची वाट बघायची न्हाई."

त्यांनी दर्भाचा कावळा करून घेतला आणि काकांच्या मुलाला बाजूला करून तो ताईच्या हातात दिला. ताईने तो पिंडाला लावला. लोक पटापट उठले, चपला शोधू लागले. गावात पुढे बोललं गेलं की धाकटीने दहाव्याला तमाशा केला, आणि अण्णांना काकांनी वर्षभर घरात घेतलं नाही. लोक मला म्हणतात की शेवटी तुझे वडील बोलले ना. बोलले. दहा दिवस उशिरा बोलले. ते जाईपर्यंत मी त्यांची सेवा केली, त्यांच्यावर माझा जीव होता, आणि त्या दुपारची ती नकाराला न हललेली मान मी त्यांना माफ केली नाही. दोन्ही खरं आहे.

ताई परत गेली ती तिकडेच राहिली. इकडे आली तरी माझ्याकडे उतरते, गावाला जात नाही. आणि नातेवाइकांत अजून कुणाच्या म्हातारपणाचा विषय निघाला की एखादा उसासा टाकून म्हणतोच, तिची लेक नाही का, एका शिफ्टवर होती, तरी आली नाही. माझ्या आईचा तो वाक्प्रयोग. तिने त्यावर झोप मिळवली होती.

इतकी वर्षं मी काकांवर चिडत आले, पण आत कुठेतरी त्यांना एक सवलत दिली होती. मला वाटायचं, गावचा माणूस, त्यांना विमानाचं काय कळतं. कुणीतरी आठ तास म्हणालं, त्यांनी धरून ठेवलं. पानावरचा वेळ म्हणजे नुसता हवेतला, माणसाचा नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नसेल. ही सवलत गेल्या महिन्यात संपली. काकी खूप आजारी आहेत, पिंपरीच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी मुलांना बोलावून घ्या म्हणून सांगितलंय. काका आता खूप थकले आहेत, आवाज ओळखू येत नाही. त्यांचा मला फोन आला. म्हणाले, "रूपा, तू तुझ्या आईला दाखवायचीस ते इमानाचं पान हाय का गं अजून? संदीपला यायला किती येळ लागंल, बघून सांग."

मी बघितलं. म्हणाले की टोरंटो ते मुंबई, साधारण चौदा तास.

"ते इमानाचं गं," काका म्हणाले. "नुसतं इमानाचं घिऊन काय करू? त्याच्या दारापासनं आपल्या दारापत्तर किती, ते सांग. आजोबाच्या वक्ताला मी रातभर हुबा हुतो न्हवं तिथं, मला ठावं हाय त्ये."

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या दुपारी, दवाखान्याच्या आवारात, माणसांकडे वळून आठ तास म्हणताना, ज्याने स्वतः वर्षभरापूर्वी विमानतळाबाहेर रात्र काढली होती त्याला सगळं माहीत होतं. मग मी त्यांना सगळं नीट सांगितलं. त्याच्या घरून विमानतळ, तिथली रांग, मधला मुक्काम, मुंबईत उतरल्यावरची रांग, घाट, तळेगाव, चाकण. सगळं मिळून दीड दिवस तरी धरा, म्हणाले.

बारीक आवाजात काकांनी विचारलं, "तेवढा येळ थांबतील का गं मानसं?"

"थांबतील काका," मी म्हणाले. "संदीपसाठी थांबतील."